एकास सहा

नाव निवृत्ती. ओझरच्या कारखान्यातून
निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली,
तरी मामंजींच्या खिशात अजून
पट्टी, पेन्सिल आणि अर्धं ब्लेड.

चौतीस वर्षं लढाऊ विमानांच्या कातडीत
त्यांनी रिव्हेट ठोकले.
ठोकून झालेलं विमान दाराबाहेर जायचं, मग आभाळात,
आणि मामंजी डबा घेऊन पाचच्या बसमध्ये.
स्वतः कधी बसले नाहीत विमानात. विचारलं तर म्हणतात,
"गवंडी राहतो का बांधलेल्या बंगल्यात?"

हे मात्र त्यांचं आहे. एचटी-टू.
वैमानिकांना पहिला धडा देणारं जुनं शिकाऊ विमान,
एकास सहा मापात,
दोन उन्हाळे आणि माझं इस्त्रीचं टेबल खाऊन उभं राहिलेलं.
रुपेरी अंग, पंखांवर पिवळा पट्टा.
पुढची खुर्ची, मागची खुर्ची, दोन्ही रिकाम्या.
आणि रिव्हेट? ते फेव्हिकॉलचे.
इंजेक्शनच्या सुईतून एकेक थेंब,
श्वास रोखून, रांगेत.
अकराशेपर्यंत मी मोजले, मग कुकरची शिट्टी झाली.

रविवारी उजाडताना आम्ही गिरणाऱ्याच्या पुढे जातो,
धावपट्ट्यांपासून लांब, सोयाबीन काढलेल्या रानात.
जानेवारीत इंधनातलं एरंडेलसुद्धा आळसावतं.
इंजिन तीनदा खोकतं,
मामंजी त्याला एक जुनी, खास कारखान्यातली शिवी देतात,
आणि ते लागतं.
शेजारच्या बागेत द्राक्षांना कागद बांधणाऱ्या बाया
हात तसेच ठेवून वर बघतात.

मला उडवायला त्यांनीच शिकवलं.
लांब जाताना सोपं असतं, डावं ते डावं.
पण तोंड आपल्याकडे वळलं की सगळं उलटं,
सावरायला जावं तर आणखी कलतं.
"घाबरायचं नाही, शालन. जो पंख खचतोय
त्याच्याखाली काडी सरकव. टेकू दे त्याला."
सासरी येताना
इतकं कामाचं मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आता त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे.
विमान शेताचा बांध ओलांडून गेलं
की नुसता ठिपका; नाक कुठलं, शेपूट कुठलं, कळत नाही.
म्हणून दोन रिमोट, मधे एक वायर.
माझ्या रिमोटचं बटण मी दाबून धरलं तोवर विमान त्यांचं,
सोडलं की माझं.

"नाक कुठंय?"
"अंजनेरीकडे."
"आता?"
"धरणाकडे. वळवा. अजून. बास."
बटणावरचं माझं बोट थंडीनं लाकूड झालेलं.

तिसऱ्या वळणाला ऊन थेट समोर आलं.
ठिपका उन्हात विरघळला,
आणि बाहेर आला तो उताणा होत, बागेच्या तारांकडे.
मी काही बोलले नाही.
बोट उचललं.
खचलेल्या पंखाखाली काडी सरकवली, थांबले, आवाज कमी केला,
आणि दोन उड्या मारून ते ढेकळांत टेकलं.
शेजारी मामंजींचे अंगठे अजून चालत होते,
सावकाश, अगदी बरोबर,
जिथे आता काहीच जोडलेलं नव्हतं तिथे.

परत येताना गाडीत ते गप्प.
मांडीवरच्या पंखाचं तेल फडक्यानं पुसत होते.
मखमलाबादच्या फाट्याला म्हणाले,
"मी इतक्या लवकर इंजिन पाडत नाही."

मी गिअर बदलला.

"बरं उतरवलंस. पण डावं चाक आधी टेकलं."
मग बोटांच्या टोकांनी पंख चाचपत राहिले,
मुळापासून टोकापर्यंत आणि परत,
एका जागी थांबले.
"इथला एक गळलाय," म्हणाले,
"सुई कुठे ठेवलीस?"